दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली लाल गाडी: डोणगाव, राजूर घाट, खामगाव

“लाल गाडी भंगारात देऊन राह्यलो. मांगून म्हनशीन, मले सांगतलं काऊन नाही,” डोणगावहून माझा मामेभाऊ गजू फोनवर म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी खामगाव सोडलं.

आमच्या जिल्ह्यावर लिहिणारे बहुतेक लोक लोणारचं सरोवर बघतात, शेगावची कचोरी खातात आणि परत जातात. त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. ज्यांच्या गोठ्याशेजारी किंवा बंगल्यामागे एखादी जुनी ऑटोमॅटिक गाडी उभी आहे आणि जिच्या गिअरबॉक्सला कोणी शहाण्याने ‘गेला’ म्हणून सांगितलंय, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. रस्ता सांगतो, खाणं सांगतो आणि बिघाड कसा शोधायचा तेही सांगतो.

आधी गाडी. दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी परदेशी स्पोर्ट्स कार. पुढे लांब नाक, मागे नावापुरती सीट. गजूने एका चांगल्या पिकाच्या सालात हौसेने आणली. हौस दोन वर्षांत फिटली, मग तिची देखभाल माझ्याकडे आली. खामगावात घराला लागूनच माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मला कोणी शिकवला नाही, मी तो याच गाडीखाली आडवा पडून शिकलो. दोनदा खाली उतरवला, उघडला, प्लेटा मोजून लावल्या, परत चढवला. एक स्क्रू उरला नाही. कागदावर गाडी गजूची. पण तिचा आवाज बदलला तर तो आधी मला कळायचा, त्याला नाही.

मेहकरला एसटी बदलून डोणगावला पोचलो. गजू अंगणातच होता.

“या मिस्त्री,” तो म्हणाला. घरचे सगळे मला मिस्त्री म्हणतात. मला ते आवडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

तक्रार अशी होती. गाडी पहिल्यातून दुसऱ्यात उशिरा जाते, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं नावच घेत नाही. इंजिन किंचाळायला लागलं की एकदम हिसका देऊन गिअर टाकते. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपने गाडी आठवडाभर ठेवून निकाल दिला होता की गिअरबॉक्स जळला, नवीन मिळत नाही, विकून टाका.

“जळला असता तर घसरला असता,” मी म्हणालो. “घसरते का?”

“घसरत नाही. मारते. मानीले झटका बसते.”

“मग जळला नाही.”

“वर्कशॉपवाले येडे हायेत का?”

“मी तसं म्हणालो नाही. पण गिअरबॉक्स चांगला निघाला तर?”

गजू हसला. सुनंदावहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांच्यासमोर तो म्हणाला, “चांगला निघाला तर ठेवतो. नाही इकत. शब्द देतो, जा.”

मला एवढंच हवं होतं.

सुरुवात तेलापासून. हे लिहून ठेवा, कारण आमच्या भागात सगळे इथेच चुकतात. ट्रॅक्टरचं तेल आपण थंड इंजिनवर, बंद करून बघतो. ऑटोमॅटिकचं तसं बघायचं नाही. गाडी फिरवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून एकदा फिरवून आणायचा आणि मग तेल मोजायची पट्टी काढायची. मी तेल पांढऱ्या कापडावर पुसलं. लाल, स्वच्छ, पातळीला बरोबर. वास घेतला. जळलेल्या क्लचचा वास एकदा घेतला की माणूस तो विसरत नाही. इथे तो नव्हता.

“वासावून समजते?” गजूने विचारलं.

“समजते.”

“मग वर्कशॉपवाल्यायले नाक नसंन.”

आता रस्ता. अंगणात उभं राहून गिअरचा बिघाड सापडत नाही. गाडीला सपाटी, चढ आणि उतार तिन्ही दाखवावे लागतात, म्हणून मी फेरी ठरवली: डोणगाव, मेहकर, चिखली, बुलढाणा, तिथून राजूर घाट उतरून मोताळा, मग नांदुऱ्यावरून खामगाव. मुक्काम माझ्याकडे आणि सकाळी जानेफळवरून परत. गजू बाजूला बसला. तुम्ही ही फेरी करणार असाल तर सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीनंतर करा. तूर फुललेली असते, कापूस फुटलेला असतो, हवा कोरडी असते. मेहकरला टाकी भरून घ्या, जुनी गाडी घाटात पेट्रोल पिते.

मेहकरपर्यंत मी अगदी हलक्या पायाने चालवली. हलका पाय असला की चांगला गिअरबॉक्स लवकर लवकर वर जातो. ही जात नव्हती. दुसऱ्यात धरून ठेवायची, मग धाडकन तिसरा. गजू प्रत्येक हिसक्याला “घ्या” म्हणायचा. तिसऱ्या हिसक्यानंतर मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

थोडं तांत्रिक सांगतो, सोपं आहे. असल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये कॉम्प्युटर नसतो. गिअर कधी बदलायचा हे त्याला दोन गोष्टी सांगतात. गाडी किती वेगात आहे हे आतला गव्हर्नर सांगतो. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे इंजिनवरून येणारी एक बारीक केबल सांगते. पाय खाली असेल तर गिअर उशिरा बदलतो आणि जोरात बसतो, पाय हलका असेल तर लवकर आणि मऊ. माझा संशय गव्हर्नरवर होता. तो अडकला की असंच होतं. तसं असतं तर मला दोन दिवस गाडीखाली काढावे लागले असते आणि तेवढा वेळ गजूने दिला नसता.

चिखलीला पोहे खाल्ले. वर तर्री मागून घ्या, न मागता मिळणारी पाणचट असते. बुलढाण्याला हवा बदलते हे ऐकून असाल, ते खरं आहे, दुपारी काच खाली केली तर बरं वाटतं. चहासाठी थांबलो नाही. मला घाट गाठायचा होता.

राजूर घाटात बिघाड अर्धा सापडला. उतारावर मी पाय पूर्ण उचलला. गाडी वेगात, पाय वर. अशा वेळी गिअरबॉक्सने निमूट वरच्या गिअरमध्ये जायला हवं. ती दुसऱ्यातच रडत राहिली. परत थोडा दाबला, परत उचलला. काही फरक नाही. गव्हर्नर कितीही खराब असला तरी पाय उचलल्यावर थोडा तरी फरक पडतो. इथे पाय वर असो की अर्ध्यावर, गिअरबॉक्सच्या लेखी तो अर्ध्यावरच होता. त्याला कोणीतरी खोटं सांगत होतं.

“केबल,” मी म्हणालो.

“काय?”

“मोताळ्याला थांबू.”

मोताळ्याला आठवडी बाजार होता. बाजाराच्या कडेला लिंबाखाली गाडी लावली आणि बोनेट उघडलं. माणसं जमली. मिरच्यांच्या पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने पहिला प्रश्न टाकला.

“अ‍ॅव्हरेज किती देते?”

“इचारू नका काका, रडसान,” गजू म्हणाला.

“दोन मानसायची गाडी अन् इतकी लांब?”

“नाकच लांब हाय हिचं,” दुसरा कोणी म्हणाला. “बसाची जागा मांगं राह्यली.”

मी गजूला सीटवर बसवलं. “दाब. पूर्ण. आता सोड.” इंजिन बंद होतं. मी केबलवर नजर लावून उभा राहिलो. दाबलं की केबल सरळ ओढली जात होती. सोडलं की इंजिनला हवा सोडणारी पाती पूर्ण बंद होत होती, पण केबल निम्म्यावर येऊन थांबत होती. थांबत होती ती एका गुंत्यावर. लाल-पिवळा नाडा, तेलाने काळा पडलेला, हळदीकुंकवाचा थर बसलेला, नेमका केबलच्या उघड्या तारेला गुंडाळलेला. तारेला आत सरकायला जागाच नव्हती.

दसऱ्याचा नाडा. त्या घरात ट्रॅक्टर, मळणीयंत्र, पंप, शिलाई मशीन, कशालाही नाडा बांधल्याशिवाय दसरा होत नाही. मीही माझ्या वाइंडिंग मशीनला बांधतो. म्हणूनच डोणगावच्या अंगणात बोनेट उघडलं तेव्हा तो मला दिसला आणि दिसलाच नाही. पूजेचं आहे म्हटलं की नजर पुढे सरकते. वर्कशॉपवाल्यांचंही तेच झालं असणार. त्यांनी गाडीचं सगळं चाचपलं, पण देवाच्या धाग्याला हात लावला नाही.

“झटके कधीपासून?” मी विचारलं.

गजूने डोकं खाजवलं. “दसऱ्याच्या आंगंमांगं. हाव, दसऱ्यापासूनच.” मग तो वाकून बघायला लागला. “दरसाली सुनंदा बॅटरीले बांधते. यंदा मीच बांधला. बॅटरीवर लय कचरा होता, तर इथं बांधून देला.”

मी खिशातून ब्लेड काढलं. त्याने माझा हात धरला.

“कापू नको बे. सोडव.”

“तेलात भिजून दगड झालाय.”

“मंग नखानं सोडव. कापू नको.”

सोडवला. गाठीवर गाठ होती आणि भोवती अर्धा बाजार सल्ले देत होता. सुटल्यावर गजूने तो लिंबाच्या फांदीला अडकवला आणि हात जोडले. मी केबलचा ताण बघितला, टोकाचा नट अर्धा फेरा फिरवला, बोनेट लावलं. मग आम्ही गरम भजी खाल्ली. दोन प्लेटी आणि चहा शंभराच्या आत. मोताळ्याला बाजाराच्या दिवशी गेलात तर बस स्टँडकडे नका जाऊ, बाजारातल्या कढईजवळ उभे राहा.

मोताळा ते नांदुरा हा रस्ता मी कितीदा गेलोय. त्या संध्याकाळसारखा कधी गेलो नाही. पहिला, दुसरा, तिसरा, आणि एकही कळला नाही. फक्त इंजिनचा आवाज एकेक पायरी खाली उतरत होता. मी एकदा मुद्दाम पाय जमिनीपर्यंत दाबला. तिने एक गिअर खाली घेतला, उसळली, आणि पाय उचलताच गप वर गेली. नांदुऱ्याजवळ गजूने फोन लावला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “हो, ठीक झाली. एकदम. उद्या सकाळी या.” मला वाटलं कोणाला तरी जेवायला बोलावतोय.

सकाळी निघालो. जानेफळपर्यंत कापसाच्या गाड्या भेटतात, ओव्हरटेक करताना घाई करू नका. डोणगावला पोचलो तर दारात पांढरी मोठी गाडी होती आणि ओट्यावर एक गृहस्थ चहा पीत होते. अंगठ्या, पांढरा सदरा, मऊ बोलणं. मंगल कार्यालयाचे मालक, लॉन मोठं आहे, गजू म्हणाला.

“हे आमचे बंधू. ह्यांनीच दुरुस्त केली. ह्यांनाच विचारा,” गजू एकदम शुद्ध मराठीत बोलायला लागला.

त्या माणसाने विचारलं, “खरंच काही नव्हतं?”

तिथे मी गप्प राहायला हवं होतं. पण कोणी बिघाडाबद्दल विचारलं की मला अर्धवट सांगता येत नाही. मी त्याला तेल दाखवलं, वास घ्यायला लावला. केबल दाखवली. गव्हर्नर का नाही हे समजावलं. घाटाची चाचणी सांगितली. मग शेजारी बसवून मेहकर रस्त्यावर फिरवून आणलं आणि प्रत्येक गिअरला “आता बदलला, कळला का?” असं विचारलं. तो म्हणाला, नाही कळला. मी खूश झालो. परत आलो तोवर गजू गाडीचे कागद घेऊन ओट्यावर बसला होता.

मी त्याला विहिरीकडे नेलं. “शब्द दिला होतास.”

“देला होता. भंगारात इकणार होतो, तेव्हा देला होता.”

“चांगला निघाला तर ठेवतो, म्हणालास.”

“अरे पन आता किंमत आली न तिले. भंगारात कोन काय देत होतं? तूच आनली किंमत.” तो खरंच समजावत होता, चिडलेला नव्हता. “तू येडा हायेस का? ठेवून काय करू, पूजा?”

सुनंदावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच शब्द दिला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

लॉनवाल्यांनी चावी घेतली, माझा नंबर घेतला आणि मनापासून हात मिळवला. “नवरदेवासाठी हवी होती,” ते म्हणाले. “गेटपासून स्टेजपर्यंत. लोकं फोटो काढतात. ढकलत आणलेली बरी दिसत नाही ना.” त्यांचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला. कोपऱ्यावर तिने दुसरा टाकला. मला ऐकू आलं, बाकी कोणाला येण्यासारखं नव्हतं.

गजू म्हणाला, मेहकरपर्यंत सोडतो. मी नको म्हणालो. डोणगावहून मेहकरला गाड्या सारख्या असतात, आणि मेहकरहून खामगावला एसटी. खिडकीची जागा मिळाली.

घरी बायकोला सगळं सांगितलं.

आता हिशेब काय शिल्लक राहिला ते सांगतो. रस्ता चांगला आहे, राजूर घाटासाठी तरी जा. जुन्या ऑटोमॅटिकचा गिअर उशिरा बदलत असेल तर क्रम असा धरा: तेल, वास, केबल, आणि सगळ्यात शेवटी गिअरबॉक्स. पूजेच्या वस्तूंसकट सगळ्याला हात लावून बघा. आणि बिघाड सापडला तर तो कोणाला, कधी सांगायचा याचा विचार गाडी सुरू करण्याआधी करा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

परवा लॉनवाल्यांचा फोन आला. मी हात पुसून उचलला. तुळशी विवाहानंतर लग्नं सुरू झाली होती, मागे बँडचा सराव चालला होता.

“साहेब, एक अडचण आहे. गाडी मधेच आपोआप दुसऱ्या गिअरमध्ये जाते. वेग वाढतो हो, वऱ्हाडी मागे राहतात. ते गिअर बदलणं बंद करता येईल का?”

बायको भाजी निवडत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. “गाडी इकली भावजींनी,” ती मान वर न करता म्हणाली, “अन् संगं तुमाले फुकट देलं वाटते.”

मी दुकानाच्या बाजूला तोंड केलं.

“दांड्याखाली सगळ्यात शेवटी ‘एल’ अक्षर आहे,” मी फोनवर सांगितलं. “तिथे ठेवा. पहिल्यातून वर जाणार नाही.”