म्यानाची टोपी

इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातल्या आमच्या छोट्या संग्रहालयात हेस्टर विमबुश सव्वीस वर्षं एकच काम करत होत्या. धातुशोधक यंत्र घेऊन शेतं पालथी घालणारे हौशी लोक सापडेल ते घेऊन येत आणि ते काय आहे हे बाई सांगत. मी बाहेरच्या टेबलावर बसायचो, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

निवृत्त बसचालक सिरिल पॉटिंजर दर मंगळवारी हजर. तंबाखूच्या डबीतून तुकडा काढून म्हणायचे, "बाई, रोमन तलवारीचा आहे."

"कपाटाची मूठ आहे, पॉटिंजर."

"आणि हा?"

"ट्रॅक्टरचा."

एका मंगळवारी डबीतून काशाचा चंद्रकोरीसारखा तुकडा निघाला. बाई भिंग घेऊन उभ्याच राहिल्या. तलवारीच्या म्यानाचं टोक जपणारी टोपी, खरोखर रोमन! पण आरशासारखी लखलखीत.

"हे घासलंत तुम्ही?"

"टूथपेस्टनं. मग तारेच्या ब्रशनं. छान निघालं ना?"

"नक्षी गेली हो! कितीदा सांगितलं, पाणीसुद्धा लावू नका! आणि सापडलं कुठं?"

"त्या शेतकरी बॅगशॉच्या कुरणात."

"चाळीस एकरांचं कुरण ते! नेमकं कुठं?"

दुसऱ्या दिवशी बाई रबरी बूट घालून निघाल्या, मलाही ओढलं. घोट्याएवढा चिखल, बोचरं वारं. पॉटिंजर मधोमध थांबून चारी दिशांना बघू लागले.

"खूण काय ठेवली होती?" बाईंनी विचारलं.

"एक मेंढी उभी होती बाई. तिच्या डावीकडे."

"मेंढी?"

"काळ्या तोंडाची."

समोर शंभरेक मेंढ्या चरत होत्या, सगळ्या काळ्या तोंडाच्या. बाईंनी डोळे मिटून घेतले. परतल्यावर नोंदवहीत 'जागा अनिश्चित' लिहिताना त्यांचं पेन कागदात घुसलं.

पॉटिंजर तीन आठवडे फिरकले नाहीत. चौथ्या मंगळवारी आले आणि बाईंच्या कागदांवरच चिखलाचा गोळा ठेवला, शेजारी फुली मारलेला नकाशा.

"हात लावला नाही, बाई. बायको म्हणाली धू, मी म्हटलं, त्या जीव घेतील."

बाईंनी अलगद माती काढली. आतून म्यान कमरपट्ट्याला अडकवायचा लांबट तुकडा निघाला, काशावर चढलेला जुना हिरवा थर शाबूत, कडेची नक्षीसुद्धा. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग नकाशाकडे वळल्या.

"ही फुली तर दफनभूमीत पडलीय. नकाशा उलटा धरून मारलीत!"

पण चहा त्यांनीच केला. पॉटिंजरांच्या कपात न विचारता तीन चमचे साखर घातली आणि नकाशा सुलटा करून त्यांच्यापुढं सरकवला.