ताप कुणामुळे आला?

रक्तपेढीत पिशव्यांपेक्षा किस्से लवकर साठतात. पिशव्यांना निदान मुदत तरी असते! नव्वदच्या दशकात सांगलीच्या एका दवाखान्यात मी टेक्निशियन होतो, तेव्हाचे हे काही.

*

प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी. त्यांची पिशवी दिसते पिवळसर. पाटणचे एक आजोबा ती हातात घेऊन तावातावाने परत आले. "आवं, आमी लाल दिलं व्हतं!"

*

पुष्कळदा पिशवी चढवली की पेशंटला हुडहुडी भरून ताप यायचा. वॉर्ड म्हणायचा, रक्तपेढी चुकली. आम्ही म्हणायचो, वॉर्ड चुकला. नातेवाईक थेट रक्तदात्यावर घसरायचे, "कुणी दारुड्यानं दिलं असंल!" डॉक्टर मात्र समजावायचे, "पिशवीत दात्याच्या थोड्या पांढऱ्या पेशी राहतात. पेशंटचं शरीर त्या परक्यांशी भांडतं, म्हणून ताप."

*

आमचे सीनियर टेक्निशियन कदममामा. त्यांना हे पुरतं पटेना. "सायेब, ताज्या पिशवीला ताप कमी. चार दिवसांची दिली की हमखास. आमटी शिळी झाली की बाधतीच की!"

डॉक्टर हसले. पुढे त्यांनीच एका जर्नलमधलं वाचून दाखवलं. पिशवी ठेवून दिली की त्या पांढऱ्या पेशी आतल्या द्रवात ताप आणणारे पदार्थ सोडत राहतात म्हणे. मामा शांतपणे म्हणाले, "मग मी येगळं काय म्हणत व्हतो?"

*

जतकडच्या शेवंताक्कांना रक्ताचा कॅन्सर. हिरड्यांतलं रक्त थांबेना, आणि आधीच्या पिशव्यांनी इतकी हुडहुडी भरली होती की त्या हात पुढे करेनात. "मेले तरी चालंल, पर त्यो ताप नगं!" मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगतो, त्या हातच्या जातील अशी भीतीही वाटायची. "उद्या ताजी देतो," असा मामांनी शब्द दिला, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या.

ताजी द्यायची तर दाते हवेत. अक्कांच्या भावाला निरोप धाडला. विहिरीच्या वाटणीवरून दोघांत सात वर्षं बोलणं नव्हतं. तरी तो सकाळी गावातले पाच जण जीपमध्ये घालून हजर! पहिलं रक्त त्यानेच दिलं. "माझं नाव सांगू नगा," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी पिशव्या चढल्या. अंगावर शहारासुद्धा नाही! अक्का खुशीत म्हणाल्या, "लय गुणाचं रगात! माझ्या भावाचं न्हाई, येवढं नक्की. त्याचं असतं तर आत जाऊन भांडलं असतं!"

भाऊ दाराबाहेरच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी हळूच विचारलं, "आता तरी सांगू का?"

"नगं," तो म्हणाला. "तापंल."