खळ्याला आरसा कशाला?

तुमच्या बाबाने तुम्हाला आपल्या नव्या खळ्याचा फोटो पाठवला आणि तुम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारलात: आजी, अर्धं चकचकीत आणि अर्धं रेघारेघांचं असं का? फोनवर हे सांगता येणार नाही. फोन आजोबांच्या खुर्चीशेजारी असतो आणि मी बोलायला लागले की ते मध्ये दुरुस्त्या सुचवतात. म्हणून लिहून काढते.

खळं म्हणजे घरासमोरचं अंगण. आपल्याकडे श्रीवर्धनला सुपाऱ्या तिथेच वाळतात. पावसाळा संपला की दरवर्षी माती आणायची, ओली करून चोपायची, शेणाने सारवायची, आणि पुढच्या पावसात ती सगळी धुऊन जाताना बघत बसायचं. माझी अर्धी हयात त्यात गेली. मागच्या पावसाळ्यात त्याच मातीवर शेवाळ धरलं. मी पायरीवर पोतं टाकलं होतं, आजोबांना तीनतीनदा सांगितलं होतं. ते पोत्याच्या बाजूने गेले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला.

तेव्हा तुमच्या बाबाने स्पष्ट सांगितलं. आई, बाबांना घरात कोंडून ठेवायचं असेल तर गावात राहण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर मी येतो. ते स्वतःच्या पायांनी खळ्यात उतरून फाटकापर्यंत जाऊन येत असतील तर ठीक, नाहीतर घर बंद करून दोघांनी पुण्याला आत्याकडे जायचं. तिचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. आत्या फार चांगली आहे, पण तिथल्या बाल्कनीतून आजोबा काय बघणार? दुसऱ्या लोकांच्या बाल्कन्या.

म्हणून मी काँक्रीटचं खळं करायचं ठरवलं. साधं, सपाट, पाणी न साचणारं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न घसरणारं. ही शेवटची अट मी प्रत्येकाला सांगितली.

ठेकेदार गावातलाच. आजोबांचा जुना विद्यार्थी. तो बरीच वर्षं मस्कतला गोदामांच्या फरशा घोटत होता, आता परत येऊन इथे कामं घेतो. मला अजूनही 'बाई' म्हणतो आणि आजोबांना 'सर'. माणूस अगदी सज्जन. एकच खोड आहे, सरांना 'नाही' म्हणता येत नाही. शाळेत ती खोड लावणारेही सरच.

"बाई, बिलकुल काळजी नको," तो म्हणाला. "माझ्याकडे पॉवर ट्रॉवेल आहे. मोठं मशीन तुमच्या वाटेने येणार नाही, सुपारीची झाडं आडवी येतात. पण हे हलकं आहे. दोघं जण उचलून आणतात. तुळशीवृंदावनाच्या कडेपर्यंत जातं."

"मला गुळगुळीत नको," मी म्हटलं.

"इन्शाअल्ला, असं देतो की तोंड बघाल."

"मी तोंड आत बघते. तिथे आरसा आहे."

तो हसला. मी विनोद करत नव्हते.

दिघीच्या फेरीबोटीतून ते यंत्र आलं. तुम्ही पाहिलं नाहीत म्हणून सांगते. छतावरचा पंखा उलटा जमिनीवर ठेवावा, त्यावर इंजिन बसवावं आणि त्याला गवत कापायच्या यंत्रासारखा लांब दांडा लावावा, तसं ते दिसतं. पंख्याची पाती पोलादी असतात आणि ओल्या काँक्रीटवर गोल फिरतात. दांड्यावर एक छोटं चाक आहे. पाती आडवी ठेवली तर काँक्रीट नुसतं सपाट होतं. चाक फिरवून पाती तिरकी केली की ती दाबून घासतात आणि चकाकी येते. यंत्रासोबत इंग्रजी पुस्तिका होती, ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून कुणी बाहेरसुद्धा काढली नव्हती. मी काढली आणि सगळी वाचली. मग ठेकेदाराला खळ्यात उभं करून म्हटलं, "हे चाक तिथेच राहील. पाती आडवी. कबूल?"

"कबूल, बाई."

आजोबा पडवीतल्या खुर्चीवरून ऐकत होते. काही बोलले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचं गप्प बसणं मला कळायला हवं होतं.

काँक्रीट सकाळी ओतलं. मग वाट बघायची, कारण ओतल्यावर वर पाणी सुटतं आणि ते जिरल्याशिवाय यंत्र घालायचं नाही. ही वाट बघणं म्हणजे एक शिक्षा होती. जो येईल तो मत देऊन जाई. शेजारी राहणाऱ्या माझ्या धाकट्या जाऊबाई कमरेवर हात ठेवून आल्या.

"वहिनी, अजून किती ताटकळायचं? आमच्या वेळी सारवलं की दुपारी वाळलं."

"आणि श्रावणात वाहून गेलं," मी म्हटलं.

"जाऊ दे ना वाहून. दरसाल नवं तर मिळत होतं."

ठेकेदाराने बूट घालून कडेला पाऊल ठेवून पाहिलं. नखभर रुतलं. "झालं," तो म्हणाला आणि दोरी ओढून इंजिन चालू केलं. लांबच्या टोकापासून सुरुवात करून तो मागे मागे येत होता, म्हणजे स्वतःच्या पावलांचे ठसे पुढे पुढे पुसले जातात. दांडा जरा उचलला की यंत्र एका बाजूला सरकायचं, दाबला की दुसऱ्या. छान चाललं होतं. पहिल्या फेरीत ओबडधोबड सगळं बसलं आणि माझ्या मनासारखं मॅट खळं दिसायला लागलं. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा मी माणसांसाठी चहा ठेवायला आत गेले.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर आजोबा खुर्चीत पुढे वाकून हवेत मनगट फिरवत होते. ट्रॅफिक पोलिसासारखे. एकदा फिरवलं, थांबले, मान वाकडी करून बघितलं, पुन्हा फिरवलं. खळ्यात ठेकेदार दांड्यावरचं चाक तेवढंच फिरवत होता. आणि तुळशीच्या पलीकडचं सबंध खळं काळपट चमकत होतं. त्यात माडाच्या झावळ्या दिसत होत्या. उलट्या.

मी ट्रे पायरीवर ठेवला आणि इंजिन बंद करायला लावलं.

"हे काय आहे?"

"बाई, सरांनी सांगितलं," ठेकेदार म्हणाला. "मी काय करू?"

"सरांचा खुबा मोडला आहे! खळं कुणासाठी करतोय आपण?"

"अगं, बघ तरी आधी," आजोबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नात मिरवणाऱ्या व्याह्याचा आनंद होता. "तालुक्यात कुणाकडे आहे असं?"

"कुणाकडे नाही. कारण आपल्याकडे पाऊस पडतो! मस्कतच्या गोदामात पडत नाही."

"मी जपून चालेन."

"तुम्ही पोत्याच्या बाजूनेही जपूनच चालला होतात."

जाऊबाई कुंपणापलीकडून वाकून बघत होत्या. "वहिनी, ह्यात सुपाऱ्या वाळवायच्या का केस विंचरायचे?"

मला त्या क्षणी त्या तिघांनाही आत्याच्या फ्लॅटवर पाठवून द्यावंसं वाटलं. पण काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. ऊन चढलं होतं. चमकलेल्या भागावर मी नख ओढून पाहिलं, उमटलं नाही. तो भाग हातातून गेला होता. तुळशीच्या अलीकडचा भाग, पडवीच्या पायरीपासून फाटकापर्यंतचा, अजून पहिल्या फेरीवरच होता. मी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेला खराटा आणला. माडाच्या हिरांचा, रोजचा, पानं काढायचा. झटकून साफ केला आणि ठेकेदाराच्या हातात दिला.

"यावर ओढ. एका दिशेने, आडव्या रेघा."

"बाई, खराटा?" तो अगदी कळवळला. "लोक म्हणतील, मशीन आणून पण फिनिश आला नाही. माझं नाव खराब होईल."

"तुझं नाव मी सांगणारच नाही कुणाला. ओढ."

त्याने एकदा पडवीकडे पाहिलं. आजोबांचं मनगट उठायला लागलं होतं. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मी बरीच रुंद आहे, याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. कडेला फळी टाकून, तिच्यावर उभं राहून त्याने खराटा ओढला. प्रत्येक ओढीला 'या अल्ला' म्हणत होता. रेघा मात्र सुरेख आल्या, सरळ आणि सारख्या. काम करायचं म्हटलं की त्याच्याकडून वाईट होतच नाही. तीच तर पंचाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर पाणी मारलेलं होतं. काँक्रीट ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात. ठेकेदार आपलं काम बघायला आला. चमकत्या भागाकडे आधी गेला, हे सांगायला नकोच. पायात नेहमीच्या रबरी चपला.

"बाई, तुम्ही उगाच घाबरता. बघा, मी चालून दाखवतो. घसरत नाही, फक्त पाय असा..."

'असा' कसा ते त्याला सांगावं लागलं नाही. उजवा पाय समुद्राकडे गेला आणि डावा गावाकडे. त्याने तुळशीवृंदावनाला दोन्ही हातांनी मिठी मारली म्हणून वाचला. एक चपल थेट गटारापर्यंत गेली. जाऊबाई हसून हसून कुंपणावर टेकल्या. "पोरा, प्रदक्षिणा घालतोस का रे?" मी हसले नाही. मी पडवीकडे बघत होते.

आजोबा खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांचा एक हात खुब्यावर गेला होता. ऑपरेशन झालं त्याच बाजूवर. बराच वेळ तो तिथेच राहिला. मग हलक्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाच्या खळ्याबद्दल विचारत असल्यासारखं, ते म्हणाले, "खराटा कुठपर्यंत मारलाय?"

"फाटकापर्यंत," मी म्हटलं.

"हं."

चुकलो असं ते म्हणाले नाहीत आणि म्हणणारही नाहीत, तुम्ही वाट बघू नका. चमकत्या भागावर छिन्नीने टाचे मारून तो खडबडीत करून द्यायला ठेकेदार आपणहून तयार झाला, तर आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू देवाच्या मूर्तीवर हातोडा उचलला आहे. तो भाग तसाच राहिला. तिथे आता सुपाऱ्या वाळतात. हात लावला की उताराने गटाराकडे गडगडतात, म्हणून कडेला बांबू आडवा टाकावा लागला. जाऊबाई रोज विचारतात की बांबूलापण चकाकी आणायची का.

दिवाळीनंतर तुमचा बाबा आला. त्या रात्री अवेळी सर आली आणि सकाळी खळं ओलं होतं. मला वाटलं, आज नको म्हणावं. पण आजोबा उठून वॉकर घेऊन पायरीपाशी गेलेच. बाबा त्यांच्या मागोमाग हात पुढे करून चालला होता, त्याच्या लहानपणी आजोबा त्याच्यामागे चालायचे तसा. आजोबा पायरी उतरले. वॉकरची रबरं रेघांवर घट्ट बसत होती. फाटकापर्यंत गेले, कडीला हात लावला, वळले, परत आले. दम लागला होता, पण पाय एकदाही सरकला नाही. बाबाने खाली बसून त्या रेघांवरून हात फिरवला. मग उठला आणि मला म्हणाला, "आई, चहा टाक." पुण्याचं नाव त्याने काढलं नाही. आत्याला त्याने फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही, पण आमच्यासाठी रिकाम्या केलेल्या पाहुण्यांच्या खोलीत तिने पुन्हा शिवणयंत्र ठेवलं आहे.

आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. पण कोणी घरी आलं की आजोबा त्यांना रेघांवरून चालत तुळशीपर्यंत नेतात, स्वतः पलीकडे पाऊल टाकत नाहीत, आणि वॉकर उचलून तो चमकता अर्धा भाग दाखवतात. "हे खरं काम," म्हणतात. "अलीकडचं हिने बिघडवलं."

मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा समुद्रावरून ओल्या पायांनी थेट खळ्यात शिराल, हे मला ठाऊक आहे. फाटकातून आत आलात की रेघांवरूनच चालायचं. तुळशीच्या पलीकडे जायचं नाही. आजोबा म्हणतील, जा, जा, काही होत नाही. तरीही नाही.