परत धाडलेलं पाणी

आमच्या लासुर्ण्याच्या द्वारकाकाकूंना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. देवळात कीर्तनालासुद्धा त्या दाराजवळ, अर्ध्या उठलेल्या. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र त्या बसल्या. रानात, मातीत.

त्यांच्या रानाचा खालचा तुकडा आधीच गेला होता. उसाला पाणी पाजून पाजून जमिनीतलं मीठ वर आलं. सगळं पांढरंफटक, हरळीसुद्धा धरेना. दर साली ते पांढरं वरच्या उभ्या उसाकडं सरकत होतं. शेतकी खात्याच्या माणसानं सांगितलं, चर खणा आणि पाणी तोडा. चर खणला. पाणी तोडणं अवघड. कालव्याला पाणी आलं की घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. आलेल्या पाण्याला नाही म्हणणं म्हणजे वाढल्या ताटावरून उठणं. मलाही ते पापच वाटायचं.

कालव्याच्या पाण्याची ही पाळी सोडायची, असं काकूंनी नवऱ्याकडून, मोहनकाकांकडून कबूल करून घेतलं होतं. पण पाटाला पाणी आल्याचं कानावर पडताच काका खोरं घेऊन निघाले. मी शेजारच्या बांधावर गवत कापत होते. पाटातून सरीत पाणी वळवायचं तोंड, त्याला आम्ही बारं म्हणतो. ते फोडायला काकांनी खोरं उचललं, तशा काकू धावत आल्या आणि बाऱ्यावरच फतकल मारून बसल्या.

“अगं ऊठ! मान टाकलीया उसानं.”

“दुपारचं तुमी बी मान टाकता. म्हणून बादली वतते का तुमच्यावर?”

पाटाचं पाणी वाटून देणारा पाटकरी रामहरी पलीकडून हसला. “वहिनी, पाण्याला माहेरी धाडताय व्हय?”

“धाड बाबा पुढं. हितं लई पाहुणचार झाला त्याचा.”

काकूंची तोंडानं थट्टा चालली होती, पण हात थांबत नव्हते. कडेची माती उकरायच्या, पुन्हा थापायच्या. ऊस वाळला तर गाव त्यांनाच बोलणार होतं. शेवटी म्हणाल्या, “सरीत वीतभर उकरा. कोरडी निघाली तर उठते मी.”

काकांनी उकरलं. माती मुठीत दाबली. मूठ उघडली तर गोळा झालेला, त्यावर बोटांचे वळ.

“वल हाय,” ते हळूच म्हणाले. मग तोच गोळा त्यांनी काकूंच्या शेजारी बाऱ्यावर थापला.

पाणी पुढच्या रानाकडं निघून गेलं. काकू तरी उठेनात.

“आता काय?” काका म्हणाले.

“आधी ते खोरं घरी ठिवून या.”