हनुवटीनं ऐकणारे चाचा

बेलापुरात बँजो पार्ट्यांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या त्या चाचांना मी एकदाच भेटले. नाव विचारायचं राहूनच गेलं. माझी गिटार नुसतीही वाजते आणि वायर जोडली की स्पीकरवरही. तिला तारा कोणत्या घ्याव्यात, हे मोबाईलवर शोधून शोधून माझं डोकं पिकलं होतं.

चाचांनी गिटार मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि हनुवटी लाकडावर टेकवून डोळे मिटले.

"पार्टीत वाजवून कान अर्धे गेले," ते हसले. "आता हाडानं ऐकतो."

मग त्यांनी दोन पाकिटं पुढ्यात ठेवली. "ही निकेलची तार. स्पीकरवर लई जोरात बोलती. ही ब्राँझची. स्पीकरवर जरा कमी, पन लाकूड जागं करती. ऐकनार कोन हाय?"

कार्यक्रम, स्टेज असं काहीतरी मी ऐटीत सांगणार होते. तोंडून खरं तेच निघालं. "वडील. पण त्यांना आता ऐकूच येत नाही. स्पीकर कितीही मोठा केला तरी नुसते बघत बसतात."

चाचांनी निकेलचं पाकीट उचलून मागं ठेवलं. ब्राँझच्या तारा चढवल्या, हनुवटी टेकवून एकेक सुरात लावली. मग माझा तळवा गिटारीच्या कडेवर दाबून धरला आणि तार छेडली.

"स्पीकर ऱ्हाऊ द्या, ताई. त्यांचा हात हितं ठेवा."

आता रोज संध्याकाळी बाबांचा हात तिथं असतो. परवा मी वाजवता वाजवता मधेच थांबले.

"थांबलीस का गं?" बाबा म्हणाले.