अर्धी सोडलेली भिंत

माझी मावशी रंगाच्या दुकानात काम करते. काउंटरच्या मागे, रंग कालवायच्या मशीनपाशी तिची जागा आहे आणि गेली एकवीस वर्षं ती तिथून हललेली नाही. मालक बदलले, मशीन दोनदा बदललं, मावशी तीच. कोणी पडद्याचा तुकडा आणतं, कोणी उशीचा अभ्रा, कोणी भिंतीचा निघालेला पोपडा कागदात गुंडाळून आणतं. ती तो खिडकीपाशी धरते, एक डोळा बारीक करते आणि मशीनला विचारायच्या आधीच शेड सांगते. मशीन नंतर तेच म्हणतं. नाही म्हणालं, तर मावशी मशीनवाल्या कंपनीला फोन करते.

माझी आई ही तिची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी ती स्तनाच्या कर्करोगाने गेली. तेव्हाच डॉक्टरांनी मला आणि मावशीला समोर बसवून सांगितलं होतं की घरात हा आजार आहे, दरवर्षी तपासणी करून घ्या, अजिबात टाळू नका. मावशीने मान हलवली. आणि त्यानंतर तिने काय केलं असेल, तर खरेदी.

कर्करोगावर संशोधन करणारी एक संस्था आहे. ज्या वस्तूवर तिची नारिंगी फीत छापलेली असते, त्या वस्तूच्या विक्रीतला काही भाग संशोधनाला जातो. फीत दिसली की मावशीचा हात थेट पिशवीत जातो. साबण, छत्र्या, वह्या, दिवे, पायपुसणी. आमच्या घरात माणसं तीन आणि छत्र्या नऊ. त्या साबणाने माझ्या नवऱ्याच्या अंगाला खाज सुटली, तर मावशी त्याला म्हणाली की संशोधनासाठी एवढंही सोसत नाही का. तो बिचारा अजून तोच साबण वापरतो, फक्त मावशी येणार असेल त्या दिवशी.

नाक्यावर याच संस्थेचं जुन्या सामानाचं दुकान आहे. लोक नको असलेलं देतात, हवं असलेलं विकत नेतात. मावशी तिथून मोडक्या खुर्च्या विकत आणते, गच्चीत बसून पॉलिश पेपरने घासते, भेगांमध्ये लांबी भरते, रंगाचे दोन हात देते, बैठकीला नवं कापड ठोकते आणि खुर्ची त्याच दुकानाला परत देऊन टाकते. एकदा तिला तिथे एक निळी खुर्ची फार आवडली. घासाघीस न करता घेतली, खांद्यावर टाकून घरी आणली, उलटी केली तर खाली तिनेच ठोकलेले खिळे. स्वतःचीच खुर्ची. त्यावर आम्ही चार दिवस हसत होतो. मावशीला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. तिचं म्हणणं, संस्थेला दोनदा पैसे मिळाले, तुमचं काय गेलं?

रंगातही तेच. एका कंपनीची ‘सकाळ’ नावाची फिकट पिवळसर शेड आहे आणि तिच्या डब्यावर ती फीत आहे. दुकानात राखाडी मागायला आलेलं गिऱ्हाईक ‘सकाळ’ घेऊन बाहेर पडतं. दातांचा दवाखाना, शाळेचा जिना, शिंप्याचं दुकान, आमचं स्वयंपाकघर, सगळीकडे मावशीची ‘सकाळ’ झालेली आहे. आमच्या गल्लीत कोणी चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरला, तर भिंतींवरून त्याला काही पत्ता लागायचा नाही.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण तपासणीचं नाव काढलं की मावशी काढता पाय घ्यायची, आणि माझं टाळकं सरकायचं. दरवर्षी मी वेळ ठरवायची आणि दरवर्षी तिचं काहीतरी निघायचं. दुकानात माल येणार आहे. कंबर धरली आहे. खुर्चीला एकच हात झालाय. आणि सगळ्या सबबी संपल्या की ठेवणीतलं उत्तर, “अगं, मी देतेच की त्यांना एवढं.” जणू देणाऱ्याला तो आजार होत नाही. एकदा मी चिडून म्हणाले की मावशी, साबण फासून गाठ कळत नाही. त्यावर ती तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. साबण मात्र पाठवत होती.

मग या वर्षी संस्थेने दोन रस्ते पलीकडे तपासणी केंद्र काढलं. जुन्या इमारतीचा तळमजला. प्रतीक्षाकक्षाच्या एका भिंतीला ओल आली होती, ती दुरुस्त करून झाली आणि त्यांनी मावशीच्या दुकानाकडे ‘सकाळ’ मागितली. मावशीने मालकांना सांगितलं की डबे तर जातीलच, भिंतही मीच रंगवून देते, फुकट. बुधवारी दुपारी दुकान बंद असतं, त्या वेळात करते. शिडी धरायला तिने मला बोलावलं. सहा वर्षं तपासणीच्या दारात पाऊल न टाकलेली मावशी आता तिथेच डबा आणि रोलर घेऊन निघाली होती. मी तोंडाला कुलूप लावलं आणि मागोमाग गेले.

खोली साधीच होती. भिंतीकडेच्या खुर्च्या मधोमध ओढून त्यांवर जुनी चादर टाकलेली. एका बाजूला आतल्या खोलीचं दार, त्यामागे तपासणीचं मशीन. मावशीने कडा ब्रशने घेतल्या आणि पहिला हात मारला. तासाभरात भिंत पिवळी झाली. आता ती वाळेपर्यंत दोन तास बसणं आलं, कारण ओल्यावर दुसरा हात दिला तर खालचा रंग रोलरला चिकटून निघतो. आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो.

मशीनवर काम करणाऱ्या बाई बाहेर आल्या, भिंत छान झाली म्हणाल्या आणि अगदी सहज विचारलं, “ताई, तुमची तपासणी झालीय का? मोकळ्याच बसलाय, तर घेते मध्ये.” मावशीने काम चालू आहे म्हणून सांगितलं. बाईंनी जास्त ताणलं नाही, आत गेल्या. मग मात्र मला राहवलं नाही. काम कुठे चालू आहे, भिंत वाळतेय, तू बसलीयेस, मी बोलले. दार चार पावलांवर आहे, आता कुठली सबब सांगणार आहेस?

मावशी बोटावरचा रंग नखाने खरवडू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्या आईने गाठ मला आधी दाखवली होती.”

मला आधी कळलंच नाही ती काय सांगतेय.

“तुमच्या घरी रंग चालू होता. मीच करत होते. बाहेरची खोली अर्धी झाली होती. ती म्हणाली, जाऊन दाखवून येऊ का? मी म्हटलं, आता मध्येच कुठे जातेस, भिंती होऊन जाऊ देत. मग आतली खोली निघाली. मग दारं. अडीच महिने गेले, बाई.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू, असा राग आला की तो डबा उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला. सहा वर्षं मी डॉक्टरांना, नशिबाला, आईच्या सोसायच्या सवयीला दोष देत होते, आणि हे तिला ठाऊक होतं. मग त्या दिवसांतलं आमचं घर आठवलं. मीही तिथेच होते की. लग्नाआधीचे ते महिने, आणि मी रंगाच्या वासाने डोकं उठतं म्हणून आईवर चिडचिड करत होते. तिने मला दाखवलं नाही, कारण मी घरात असून नसल्यासारखीच होते. हे मी मावशीला सांगितलं नाही. तेवढा मोठेपणा त्या क्षणी माझ्यात नव्हता.

भिंत वाळली. मावशी उठली आणि तिने दुसरा हात सुरू केला. दुसऱ्या हाताला भिंत मध्ये सोडायची नसते. एका टोकाला सुरू केली की ओल्या कडेला ओली कड जोडत दुसऱ्या टोकाला नेऊनच थांबायचं, नाहीतर वाळलेल्या कडेचा जोड कायम दिसत राहतो. मावशी अशा जोडाची भिंत दिसली तर परक्याच्या घरातही बोलून दाखवते. ती निम्म्यावर आली तेव्हा बाई पुन्हा बाहेर आल्या. शेवटच्या दोन वेळा ज्यांच्या होत्या त्या आज येणार नव्हत्या, आणि पुढच्या दीड महिन्यात एकही जागा नव्हती.

“हिची करा,” मावशी शिडीवरून म्हणाली. “हिची आई गेलीय त्याने.”

बाईंनी मला विचारलं की याआधीची तपासणी कधी झाली. सहा वर्षं दुसरीच्या मागे लागलेली मी, आणि मला खरं सांगावं लागलं. झालीच नव्हती. मावशी गेली की मी जाईन, असं मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्या ठरावाआड निवांत बसले होते. भीती मलाही तितकीच वाटत होती, ती फक्त मी ओरडण्यात खपवत होते.

मावशी शिडीवर वळून माझ्याकडे बघत राहिली. “एकदाही नाही?”

“तू गेल्याशिवाय मी जाणार नाही,” मी म्हणाले. हट्टाने म्हणाले, लहान मुलीसारखं.

तिचा चेहरा असा उतरला की मला माझेच शब्द परत घ्यावेसे वाटले. ती काय समजली ते मला कळलं. पुन्हा तिच्यापायी कोणीतरी थांबलं होतं, आणि या वेळी ती बहिणीची मुलगी होती. ती खाली उतरली. रोलर तिने ट्रेमध्ये आडवा ठेवला. भिंत बरोबर निम्म्यापर्यंत ओली चमकत होती.

“जोड दिसेल, मावशी.”

“दिसू दे,” ती म्हणाली आणि माझं मनगट धरून मला दाराकडे घेऊन गेली. “तू आधी. मी इथेच आहे.”

मी आत गेले, बाहेर आले, मग ती गेली. सगळं मिळून अर्धा तास. बाहेर येऊन तिने उरलेली भिंत पुरी केली. तिच्या नजरेतून जोड सुटला नसणार, पण त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात दोघींचे निकाल आले. माझ्यात काही नव्हतं. तिच्यात होतं. बारीक, हाताला लागणारही नाही एवढं. आणखी एक-दोन तपासण्या झाल्या आणि मग मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. त्या म्हणाल्या की अगदी वेळेत सापडलंय, छोटी शस्त्रक्रिया करू, घाबरू नका. मावशी घाबरली नव्हती. ती टेबलावरच्या तपासणीच्या फोटोकडे बघत होती, त्यातल्या त्या पांढऱ्या ठिपक्याकडे, जसा दुकानात कोणाचा पोपडा बघते तसा एक डोळा बारीक करून.

“माझी बहीण अडीच महिने आधी आली असती तर वाचली असती का?”

इतकी वर्षं ती अशा दारात का येत नव्हती ते मला तेव्हा नीट समजलं. गाठीला ती भीत नव्हतीच. इथे कोणीतरी या प्रश्नाचं उत्तर देईल, याला भीत होती. डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांनी आईचं वय विचारलं, आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या, आणि मग म्हणाल्या की ते आज कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही. वाचलीही असती, नसतीही.

मावशीने मान हलवली. मी टेबलाखाली तिचा हात धरला. तिच्या नखांत पिवळा रंग होता. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं होतं ते मी तिथेच, डॉक्टरांच्या देखत बोलले. “त्या घरात मीही होते, मावशी. मलाही दिसलं नाही.”

ती माझ्याकडे वळली नाही, पण हात घट्ट धरला. डॉक्टरांनी वही उघडून विचारलं की या महिन्याअखेर चालेल का, की दुकानातलं, घरातलं काही उरकून मग यायचं आहे.

“काही उरकायचं नाही,” मावशी म्हणाली. “उद्याची असेल तर उद्याची द्या.”