राखेची चव

आफ्रिकेतल्या कुठल्याशा ज्वालामुखीची राख समुद्र ओलांडून आपल्या देशावर आली आणि विमानं रद्द झाली, ही बातमी मी वणीच्या बसस्टँडसमोर चहा पिताना मोबाइलवर वाचली. आजूबाजूचे लोक हळहळत होते. मला मात्र मनापासून हसू आलं. त्या दिवशी दिल्लीहून परदेशी, लेकीकडे निघालेल्या प्रवाशांत आमचे मोठे साहेब होते, हे मला ऑफिसातून आधीच कळलं होतं. बॅगा कुशीत घेऊन विमानतळाच्या फरशीवर बसलेले साहेब मी डोळ्यांसमोर आणले आणि अजून एक चहा मागवला. साहेबांना राखेनं अडवलं, याहून गोड बातमी मी बारा वर्षांत ऐकली नव्हती.

मी राजूरच्या बाजूला एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. म्हणजे कुठली लाइन कधी चालू करायची आणि कधी बंद, ते हँडल माझ्या हातात आणि हुकूम साहेबांच्या तोंडात. ही नोकरी मला मिळाली ती माझ्या मोठ्या चुलतभावामुळे. तो लाइनमन होता. आमच्या बंजारा तांड्यात मोठ्या भावाला भिया म्हणतात, म्हणून तो माझा भिया. घरी आम्ही गोरबोलीत बोलतो, इथे त्याचं बोलणं गावच्या मराठीत लिहितो.

आमची माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथे घालायची. गोणी घेण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवायची, मगच सौदा. बैल गेले, मीठ गेलं, जमिनी आल्या, नोकऱ्या आल्या, पण जिभेची सवय गेली नाही. माझी याडी, म्हणजे आई, अजून नव्या विहिरीचं पाणी चाखल्याशिवाय गुरांनाही पाजत नाही. भिया ही सवय खांबावर घेऊन चढला. लाइन बंद घेतली की चिनी मातीच्या इन्सुलेटरवरून बोट फिरवायचा आणि ते जिभेला लावायचा. नुसती माती लागली तर म्हणायचा, "चालते." खारट लागून जीभ चुरचुरली तर म्हणायचा, "लूण हाय. धुवा लागते." आमच्या रस्त्यांवरून दिवसभर कोळशाचे आणि वीटभट्ट्यांना राख नेणारे ट्रक धावतात. ती धूळ आणि राख इन्सुलेटरवर थर धरते. कोरडी असेपर्यंत ती गरीब गाय असते. पण थंडीत धुकं पडलं की ती ओली होते, तिच्यातले क्षार विरघळतात आणि जिथे वीज अडायला हवी तिथूनच ती वाट काढते. भियाला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. त्याच्या जिभेला ठाऊक होतं.

बारा वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी दाट धुकं होतं आणि लाइन सारखी बसत होती, म्हणजे आपोआप बंद पडत होती. दोन लाइनी एकाच खांबावरून गेलेल्या. भियाचा फोन आला.

"दोन्ही बंद घे रे. काल चाखली मी. निरा लूण लागून राह्यलं."

मी साहेबांना विचारलं. तेव्हा ते वणीलाच होते. म्हणाले, "एकच बंद कर. दुसरीवर मोठे ग्राहक आहेत." आणि वर हसून म्हणाले, "राख खायचे डोहाळे लागलेत का रे तुझ्या भावाला?"

मी एकच बंद केली. भियाला सांगितलं, "एकच भेटली भिया. दुसरीपासून जपून." तो चढला, कारण खाली साहेबांची गाडी येऊन उभी होती. चालू लाइनीच्या ओल्या, राखाडलेल्या इन्सुलेटरवरून ठिणगीचा लोळ उठला आणि भियाचा उजवा हात त्यानं खाल्ला. नागपुरात तो कोपरापासून कापला.

चौकशी झाली. साहेब वाटीत राख घेऊन आले. कोरडी, चाळलेली, भस्मासारखी. तिच्यात दोन वायरी खुपसल्या, दिवा लागला नाही. "बघा, राखेतून वीज जाते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मला विचारलं गेलं, कर्मचाऱ्यानं किती लाइनी बंद मागितल्या होत्या? मी तेव्हा कायम झालेलो नव्हतो. माझा कागद साहेबांच्याच टेबलावर पडून होता. मी म्हणालो, "एक." आणि त्याखाली सही केली. अहवालात भियाच्या नावापुढे शब्द आला: हलगर्जी.

तो शब्द घेऊन भिया तांड्यात परतला. ज्या माणसाला आठ गावं लाइटवाले भाऊ म्हणायची, त्याला पाहून आता लोक पोरांना सांगायचे, बेपर्वाईनं वागलं की असं होतं. तो डाव्या हातानं तूर सोंगायला शिकला. होळीच्या फेरात नाचणं मात्र त्यानं सोडलं. मला त्यानं कधी काही विचारलं नाही आणि मीही कधी काही बोललो नाही.

मी साहेबांवर डूख धरला. महिनाभरात मी कायम झालो, पण त्यानं राग निवला नाही, उलट पेटला. एकदा तर मी त्यांच्या गाडीच्या चाकातली हवा सोडली. बोलणी खाल्ली बिचाऱ्या ड्रायव्हरनं, साहेब दुसऱ्या गाडीनं निघून गेले. तेव्हा कळलं की असल्या पोरकट खोड्यांनी या माणसाचं काही वाकडं होणार नाही. त्याचं नाक त्याच्याच वाटीत घासायला हवं, आणि तेही चार लोकांसमोर. साहेब बढती घेत यवतमाळला गेले. मी वाट पाहत राहिलो.

आणि ती राख आली. आमच्यावर पडली नाही, विमानांच्या उंचीवरून निघून गेली. पण वरून पत्र आलं, की अशी राख उद्या खाली पडलीच तर आपलं काय काय बंद पडेल याची पाहणी करा. विजेच्या लाइनी, पाण्याचे पंप, दवाखान्यांची जनरेटरं, टॉवर, रस्ते. विमान रद्द होऊन अडकलेले साहेब तोवर परतले होते आणि समितीचे प्रमुख तेच झाले. वणीकडचे तक्ते भरायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. "तुम्ही राखेतलेच," म्हणाले. खाल्लेलं मीठ माणूस विसरतो म्हणतात, साहेब तर पाजलेलं विषही विसरले होते.

तक्त्यात एक रकाना होता: यापूर्वीच्या घटना. साहेबांनी फोनवर सांगितलं, "तिथे सगळ्यांनी निरंक लिहायचं." निरंक म्हणजे काही नाही, काही घडलंच नाही. सरकारी कागदावर याहून साळसूद शब्द नाही.

मी लिहिलं: घटना एक. मग लिहिलं, कर्मचाऱ्यानं दोन्ही लाइनी बंद मागितल्या होत्या, साहेबांनी एकच दिली. इथवर हात सरसर चालला. पण हे खरं कशावरून? माझ्याच सहीचा जुना कागद याच्या उलट बोलत होता. तिसरं वाक्य लिहायला मला आठवडा लागला: चौकशीत मी खोटी साक्ष दिली. साहेबांना बुडवायचं तर मलाही त्याच पाण्यात उतरावं लागणार होतं. म्हटलं, उतरू. पण याला आता सोडत नाही.

यवतमाळला बैठक झाली. बाहेरून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी नीट समजावलं. ज्वालामुखीची राख ही चुलीतली राख नव्हे, ते दगडाचं आणि काचेचं पीठ असतं. इंजिनच्या आगीत ते वितळतं, पुढे थंड भागावर थापलं जातं आणि विमानाचा श्वास कोंडतो. खाली पडलं आणि ओलं झालं तर ते लाइनीला धोका.

तेवढ्यात साहेबांना राहवलं नाही. त्यांनी वाटी मागवली! तीच कोरडी राख, त्याच दोन वायरी, तोच न लागणारा दिवा. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, कोरडी राख कधीच काही सांगत नाही." त्यांनी आमच्याच लाइनीवरून उतरवलेला इन्सुलेटर शुद्ध पाण्यानं धुतला, ते पाणी ग्लासात घेतलं आणि मीटर बुडवला. काटा सरकत गेला. "यात भरपूर क्षार आहेत. जागेवर मीटर नसेल तर तुम्ही कसं ओळखता?"

मी उभा राहिलो. "चाखून, मॅडम."

हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चाखू नका, आरोग्याला वाईट आहे. पण शोधता आहात ते बरोबर आहे. कुणी शोधलं हे?"

"माह्या भावानं. त्याचंच वाचून दाखवतो."

"बसा खाली," साहेब म्हणाले.

"नाई बसत, साहेब." आणि मी रकाना वाचला. तिन्ही वाक्यं, सावकाश, एकेक. मग मी तो ग्लास उचलला, साहेबांच्या नाकाखाली धरला आणि म्हणालो, "घ्या, चाखून पाहा. तुमालेबी डोहाळे लागू द्या."

त्यांनी खुर्चीसकट मागे सरकून तोंड फिरवलं. चेहरा त्या वाटीतल्या राखेसारखाच झाला होता. बारा वर्षं मी ज्यासाठी जगलो तो क्षण तो, आणि खोटं कशाला सांगू, तो फार चविष्ट होता. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ द्या ना. तुमची तरी कुठं राह्यते?"

दोघांचीही पुरती गेली नाही. नवी चौकशी बसली. साहेबांना निवृत्तीपर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, जिथे फोनही वाजत नाही. माझी बढती कायमची थांबली आणि सेवापुस्तकात खोट्या साक्षीचा शेरा आला. तो मी दोनदा वाचला आणि जेवायला बसलो. भियाच्या नावापुढचा शब्द काढल्याचा आदेश आला तेव्हा मात्र मी थांबलो नाही, पहिल्या एसटीनं तांड्यावर गेलो.

भिया शेतात तुरीच्या पेंढ्या रचत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाटी, काटा, ग्लास, साहेबांचं तोंड. खूप रंगवून सांगितलं. तो हसेल, निदान साहेबाला शिवी तरी हासडेल, असं वाटत होतं. त्यानं कागद गुडघ्याखाली दाबला, डाव्या हाताचं बोट ओळींवरून फिरवत शेवटपर्यंत वाचला. खाली माझ्या कबुलीचा उल्लेख होता, तिथे बोट थांबलं.

"इतके वर्ष कायची वाट पाहून राह्यला होता तू?"

"साहेबाची, भिया. तो तावडीत सापडाची."

त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"मी तुही वाट पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला, आणि पुढची पेंढी उचलायला वाकला.